उफाड्याची वर्षे

सहावी-सातवीतला वर्गाचा जुना फोटो घरात कुठे असेल, तर या निमित्ताने काढून पाहावा. फोटोग्राफरने उंचीप्रमाणे रांगा लावलेल्या असतात. मागच्या रांगेत बऱ्याच मुली दिसतात आणि पुढे मांडी घालून बसलेल्यांत मुलगे. त्याच वर्गाचा दहावीच्या निरोप समारंभातला फोटो शेजारी ठेवला, तर मागची रांग मुलग्यांनी बळकावलेली दिसते. मुली होत्या तेवढ्याच राहिलेल्या, आणि कालपर्यंत त्यांच्या खांद्याशी असलेली पोरे ताडमाड झालेली.

मधल्या वर्षांत काय घडते, हे शाळेतल्या कुठल्याही बाईंना पुस्तक न उघडता माहीत असते. मराठीत त्याला नेमका शब्दही आहे: उफाडा. पण ‘पोर उफाड्याची आहे’ हे वाक्य आपल्याकडे कौतुकापेक्षा काळजीनेच अधिक उच्चारले गेले. त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य ठरलेले असे : आता स्थळे बघायला हवीत. मुलीची उंची वाढू लागली की घराचा हिशेब सुरू होई, आणि तिला न्हाण आले की तो हिशेब संपे. मुलगी ‘शहाणी’ झाली, ‘मोठी’ झाली. वाढायचे ते वाढून झाले.

हा हिशेब चुकीचा आहे, हे मोजपट्टीने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. मुलींची उंची कशी वाढते याच्या शोधाचा इतिहास पाहताना सारखे जाणवते ते असे की माहिती नव्हती म्हणून जेवढ्या चुका झाल्या, त्याहून अधिक चुका एकच खूण पाहून निकाल देण्याच्या सवयीतून झाल्या.

मोजपट्टी आधी मुलग्याला लागली

वाढीच्या शास्त्राचा आरंभ बहुधा एका फ्रेंच बापाच्या हौसेपासून सांगतात. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांचे मित्र आणि सहकारी फिलिबेर गेनो द माँबेयार यांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली आणि १७७७ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, हा नेम चालवला. ब्यूफाँ यांनी तो तक्ता आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत छापला. एकाच माणसाची जन्मापासून तारुण्यापर्यंतची इतकी सलग नोंद त्याआधी कुणी ठेवलेली ज्ञात नाही. वयात येताना वाढीचा वेग एकदम चढतो आणि मग उतरतो, हे त्या आकड्यांत स्पष्ट दिसते. पण तो मुलगा होता.

मुलींचे आकडे मोठ्या प्रमाणावर छापून आले ते १८३५ साली. ब्रसेल्सचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ अॅडॉल्फ केटले यांनी त्या वर्षी आपला माणसाविषयीचा गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘सरासरी माणूस’ ही कल्पना त्यांचीच. त्यांनी मुलगे आणि मुली यांच्या उंचीचे वयवार तक्ते दिले. मात्र प्रत्यक्ष मापांवर त्यांनी एक गणिती सूत्र बसवले, आणि सूत्रातून येणारी रेषा होती गुळगुळीत. जन्मापासून हळूहळू मंदावत जाणारी, मध्ये कुठेही उसळी नसलेली. त्यांच्या तक्त्यांत मुलगी जन्मापासून शेवटपर्यंत मुलग्याहून थोडी ठेंगणी राहते. वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत दिसणारी ती बारा वर्षांची मुलगी या तक्त्यांत नाही. ती खरोखर नव्हती असे नाही. ती सूत्रात बसत नव्हती.

बोस्टनमधला वाद

ती सापडली अमेरिकेत, बोस्टन शहरात, १८७०च्या दशकात. त्याच वेळी त्या शहरात मुलींच्या शरीरावरून एक मोठा वाद पेटलेला होता.

१८७३ साली डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी स्त्रीशिक्षणाविरुद्ध एक छोटे पुस्तक लिहिले. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात अध्यापन केलेले हे प्रतिष्ठित डॉक्टर. शरीर एका वेळी दोन कामे नीट करू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. वयात येण्याच्या वर्षांत मुलीची शक्ती गर्भाशयाच्या घडणीकडे जायला हवी. ती बीजगणित आणि लॅटिनकडे वळवली, तर मुलगी आजारी, वांझ किंवा दोन्ही होईल. पुरावा म्हणून त्यांच्याकडे होत्या मोजक्या रुग्णांच्या कहाण्या. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

त्याच हार्वर्डमध्ये हेन्री बौडिच शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. १८७२ साली त्यांनी पंचवीस स्त्री-पुरुषांच्या वर्षावर्षाच्या उंचीच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि विशिष्ट वयात मुली मुलग्यांच्या पुढे जातात असे त्यांना दिसले होते. पंचवीस माणसांवरून सिद्धान्त करता येत नाही, हे ओळखून त्यांनी बोस्टनच्या शाळांकडे मोर्चा वळवला. सुमारे साडेचोवीस हजार मुलामुलींची उंची आणि वजने घेतली गेली, आणि मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य मंडळाच्या अहवालात १८७७ साली निष्कर्ष छापले गेले. अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलगे किंचित उंच आणि वजनदार असतात. मग मुलींची वाढ झपाट्याने सुरू होते आणि पुढची दोन-तीन वर्षे त्या मुलग्यांना मागे टाकतात. त्यानंतर मुलगे पुढे जातात आणि पुढेच राहतात, कारण तोवर मुलींची वाढ जवळजवळ पुरी झालेली असते.

आज हे वाचताना यात शोध तो काय, असे वाटेल. पण ‘मुलगी म्हणजे लहान आकाराचा मुलगा’ हे गृहीतक त्या आकड्यांनी मोडले. मुलीच्या वाढीला स्वतःचे वेळापत्रक आहे, हे प्रथमच मोठ्या संख्येने सिद्ध झाले. बौडिच यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली : सुखवस्तू घरांतली मुले त्याच वयाच्या कष्टकरी घरांतल्या मुलांहून उंच होती. उंची केवळ रक्तातून येत नाही, ताटातूनही येते, हा मुद्दाही तिथेच पुढे आला.

क्लार्क यांना उत्तर दिले न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी. हार्वर्डने पाळीच्या काळात स्त्रीला विश्रांतीची गरज असते का, या विषयावर निबंधस्पर्धा ठेवली होती. जेकोबींनी प्रश्नावल्या पाठवून २६८ स्त्रियांची उत्तरे मिळवली, नाडीचे आणि ताकदीचे आलेख घेतले आणि दाखवले की सक्तीच्या विश्रांतीला शास्त्रीय आधार नाही. १८७६ साली पारितोषिक त्यांच्या निबंधाला मिळाले. ज्या विद्यापीठाने तेव्हा बायकांना वैद्यकीचे दार उघडले नव्हते, त्याच विद्यापीठाचे ते पारितोषिक होते.

आधी उंची, मग न्हाण

याच दशकात इटलीत, तुरीन शहरात, लुइजी पाल्यानी हे आरोग्यशास्त्रज्ञ श्रीमंत आणि गरीब मुलांची मापे घेत होते. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट या विषयात सर्वांत महत्त्वाची ठरली. मुलीला पाळी येते ती उंचीचा वेग शिगेला पोहोचून गेल्यानंतर.

हा क्रम आज पक्का ठाऊक आहे. जन्मतः मूल साधारण ५० सेंटिमीटर असते, पहिल्या वाढदिवसाला ७५च्या आसपास, आणि चार वर्षांचे होईपर्यंत १०० सेंटिमीटर. त्यानंतर मुलगी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर या संथ गतीने वाढत राहते. दहाव्या वर्षाच्या आगेमागे छातीची वाढ सुरू होते आणि त्याच सुमाराला उंचीही वेग घेते. वर्ष-दीड वर्षात हा वेग वर्षाला आठ सेंटिमीटरच्या घरात जातो. हाच उफाडा. मग वेग उतरू लागतो, आणि उतरत असताना, शिगेनंतर सुमारे वर्ष-सव्वा वर्षाने, पहिली पाळी येते. त्यानंतर उंची आणखी पाच-सात सेंटिमीटर वाढते आणि दोन-तीन वर्षांत थांबते. ज्यांना पाळी लवकर येते त्यांची नंतरची वाढ थोडी जास्त, ज्यांना उशिरा येते त्यांची थोडी कमी.

म्हणजे न्हाण ही वाढीच्या सुरुवातीची खूण नाही आणि शेवटाचीही नाही. घाट चढून माथा ओलांडलेल्या, पण गावात अजून न पोहोचलेल्या माणसासारखी त्या दिवशी मुलीची स्थिती असते.

गाव म्हणजे नुसती उंचीही नव्हे. अमेरिकेतल्या मार्क्विसा मोअरमन यांनी १९८२ साली दाखवून दिले की मुलीच्या कटीच्या हाडांतला प्रसूतिमार्ग उंचीच्या बराच मागून वाढतो. उंची थांबत आली तरी त्याची वाढ चालूच असते. हाडांमध्ये खनिजे भरण्याचे कामही उंचीच्या मागून होते. आयुष्यभर पुरायच्या हाडांच्या साठ्याचा सुमारे पाव हिस्सा या दोन वर्षांच्या पट्ट्यात जमा होतो. बाहेरून बाई दिसू लागलेली मुलगी आतून अजून घडत असते.

इकडे काय चालले होते

बोस्टन आणि तुरीनमध्ये ही मापे घेतली जात होती, त्याच काळात आपल्याकडेही मुलीच्या वाढीवर वाद चालू होता. फरक एवढाच की इथे मोजपट्टी कुणाच्या हातात नव्हती.

स्मृतिकारांनी आठ वर्षांची ती गौरी, नऊची रोहिणी, दहाची कन्या आणि त्यापुढे रजस्वला अशी वर्गवारी केली होती, आणि रजस्वला होण्यापूर्वी कन्यादान न करणाऱ्या बापाला दोष सांगितला होता. त्याच परंपरेत सुश्रुतसंहिताही होती. सोळा वर्षांखालील स्त्रीला गर्भ राहिला तर तो जगत नाही किंवा दुर्बळ राहतो, असे तिचे मत. पण रूढीने गौरी-रोहिणी लक्षात ठेवल्या आणि सुश्रुताला कपाटात ठेवले.

युरोपीय विद्वत्तेने या रूढीला वेगळाच आधार पुरवला होता. माँतेस्क्यू यांनी १७४८ साली कायद्यांवरील आपल्या ग्रंथात लिहिले होते की उष्ण देशांतल्या मुली आठ-नऊ-दहा वर्षांच्या असतानाच लग्नाला योग्य होतात. ‘गरम हवेत मुली लवकर पिकतात’ ही समजूत पुढे शंभर-दीडशे वर्षे डॉक्टर, न्यायाधीश आणि धर्ममार्तंड या सगळ्यांनी सारख्याच सोयीने वापरली. तिला हरकत घेतली मँचेस्टरचे शल्यवैद्य जॉन रॉबर्टन यांनी. १८३०पासून पुढची कित्येक वर्षे त्यांनी थंड लॅब्राडोरपासून बंगालपर्यंतच्या स्त्रियांची पहिल्या पाळीची वये गोळा केली. त्यांचा निष्कर्ष असा की हवामानाने फारसा फरक पडत नाही. हिंदुस्थानातल्या लवकर लग्नांचे कारण चालीरीतींत आहे, उन्हात नाही.

१८७१ साली केशवचंद्र सेन यांनी देशातल्या नामांकित डॉक्टरांना पत्र पाठवून विचारले की मुलीच्या लग्नाचे किमान वय किती असावे. बहुतेकांची उत्तरे १४ ते १६च्या दरम्यान होती. सर्वांत वरचा आकडा आला मुंबईहून. डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी वीस वर्षे हे वय सांगितले. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी असलेल्या या मराठी डॉक्टरचे उत्तर त्या काळी किती लोकांना हास्यास्पद वाटले असेल, याची कल्पना करता येते. पण मुलीच्या शरीराचे वेळापत्रक पाहता त्या यादीत सत्याच्या सर्वांत जवळ तेच होते. १८७२च्या विवाह कायद्यात शेवटी मुलींसाठी १४ वर्षे आली, आणि तीही त्या कायद्याखाली लग्न करणाऱ्या मूठभरांपुरती.

बाकीच्यांच्या घरी काय होत होते, याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५चा. लग्न नवव्या वर्षी, बाळंतपण चौदाव्या वर्षी, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. पुढे त्या अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या, प्रबंधाला विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा, आणि १८८७च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले. त्यांचे धैर्य आपण वर्षानुवर्षे गौरवत आलो आहोत. त्यांच्या आयुष्यातल्या तारखा मात्र वाढीच्या तक्त्याशेजारी ठेवून फारशा कुणी पाहिल्या नाहीत. नऊ ते चौदा ही मुलीच्या उफाड्याची वर्षे. त्या काळच्या हजारो मुलींची नेमकी हीच वर्षे सासरी गेली. पहाटे उठायचे, पाणी भरायचे, दळायचे, आणि घरातले सगळे जेवून झाल्यावर उरेल ते खायचे. शरीराला सर्वाधिक अन्न आणि झोप लागण्याचा काळ आणि ताटात सर्वांत कमी पडण्याचा काळ, हे दोन्ही रूढीने एकावर एक आणून ठेवले होते.

१८८९ साली कलकत्त्यात फूलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे रक्तस्राव होऊन मरण पावली. तेव्हाच्या कायद्यात संमतीची मर्यादा दहा वर्षे होती आणि ती मुलगी दहाच्या वर ठरली. त्यामुळे बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. १८९० साली ५५ स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयना अर्ज करून, आपण पाहिलेल्या मुलींच्या जखमांची आणि मृत्यूंची उदाहरणे देत, ही मर्यादा चौदावर न्यावी अशी मागणी केली. सरकारने ती बारावर नेली.

बारा वर्षांच्या त्या विधेयकावरून पुण्यात काय रण माजले, ते वाचकांना नव्याने सांगायला नको. टिळकांचा आक्षेप परक्या सरकारने धर्मात हात घालण्याला होता. भांडारकरांनी १८९१ साली पुस्तिका लिहून प्राचीन सूत्रांतली वधू जाणती होती, असे दाखवले. ऋतुप्राप्तीनंतरच्या गर्भाधानाला कायद्याने बाधा येते, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा; वयाऐवजी ऋतुप्राप्तीच कसोटी धरावी, असेही सुचवले गेले. म्हणजे भांडण धर्म आणि सरकार यांचे असले, तरी पहिली पाळी आली की मुलगी तयार झाली, हे बहुतेकांनी न बोलता गृहीत धरले होते. सुधारकांपैकीही अनेकांनी. तुरीनमध्ये तोवर हे गृहीत मोडून बारा-पंधरा वर्षे झाली होती.

त्याच १८९१ साली आणखी एक कायदा सुधारला गेला. गिरण्यांत कामावर घ्यायच्या मुलांचे किमान वय सातवरून नऊवर आले. दोन्ही कायद्यांपुढे अडचण एकच : जन्मनोंद नसलेल्या मुलाचे वय ओळखायचे कसे? दात, उंची, अंगलट पाहून डॉक्टर अंदाज करत. आणि ज्या मुलीची उंची उपासाने खुंटलेली, तिचे वय कमी दिसे. खात्यापित्या घरची उफाड्याची मुलगी जास्त वयाची ठरे. संमतिवयाच्या कायद्याचे संरक्षण अशा वेळी सर्वांत आधी कुणाचे जाणार, हे सांगायला नको.

सरासरीत हरवलेल्या मुली

एक चूक शास्त्राकडूनही राहिली होती. बौडिच यांनी बारा वर्षांच्या सगळ्या मुली एकत्र मोजल्या होत्या. पण बारा वर्षांच्या चाळीस मुलींत कुणाचा उफाडा सरलेला असतो, कुणाचा ऐन भरात, कुणाचा सुरूही झालेला नसतो. त्यांची सरासरी काढली की जी रेषा मिळते, ती त्यांतल्या एकीचीही नसते. हे नीट मांडले फ्रान्झ बोआस यांनी. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी त्यांनी १८९१ पासून तीच ती मुले पुन्हा पुन्हा मोजायला घेतली आणि दाखवले की प्रत्येक मुलाची वाढीची लय वेगळी असते. घड्याळ वयाचे एक आणि शरीराचे दुसरे.

१९३७ साली फ्रँक शटलवर्थ यांनी हार्वर्डच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या मुलींचे आकडे वयाऐवजी पहिल्या पाळीच्या वेळेनुसार गटवार लावले. लवकर पाळी आलेल्या मुलींचा उफाडा लवकर येऊन गेला होता, उशिरा आलेल्यांचा उशिरा. पण दोघींतही क्रम तोच, आणि शेवटच्या उंचीत फरक फार थोडा. पुढे इंग्लंडमध्ये जेम्स टॅनर आणि मापे घेण्यात अत्यंत काटेकोर असलेले रेजिनाल्ड व्हाइटहाउस यांनी हार्पेंडन गावच्या बालगृहातली मुले १९४८च्या सुमारापासून वीसएक वर्षे नियमित मोजली. त्यांतल्या १९२ मुलींवरचा मार्शल आणि टॅनर यांचा १९६९चा निबंध आजही जगभरच्या बालरोगतज्ज्ञांच्या हाताशी असतो. त्या मुलींच्या वाढीचा वेग सरासरी बाराव्या वर्षी शिगेला होता आणि पाळी सरासरी साडेतेराव्या. पण काहींना ती अकराव्या वर्षी आली, काहींना पंधराव्या, आणि दोन्ही निरोगी. वर्गातली सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगणी या दोघींनाही ‘तुझे काही चुकलेले नाही’ असे सांगता येणे, ही या शास्त्राची मोठी देणगी आहे.

मुलगी लवकर का थांबते, याचे उत्तर हाडांच्या टोकांशी असलेल्या कुर्चेच्या पट्ट्यांत आहे. लांबी वाढते ती तिथे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक उफाडा सुरू करते आणि शेवटी तेच या पट्ट्या बुजवते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या हकिगतीने हे पक्के झाले. इस्ट्रोजेनचा संदेश शरीरापर्यंत पोहोचतच नसलेला २८ वर्षांचा एक पुरुष २०४ सेंटिमीटर उंच झाला होता, आणि त्याच्या हाडांतले पट्टे अजून उघडेच होते. मुलगे हे वळण मुलींपेक्षा सुमारे दोन वर्षे उशिरा घेतात. ती दोन वर्षांची जादा वाढ आणि थोडा मोठा उफाडा मिळून स्त्री-पुरुषांच्या उंचीतला बारा-तेरा सेंटिमीटरचा फरक घडतो.

स्वीडनमधल्या भारतीय मुली

‘गरम हवे’च्या सिद्धान्ताचा शेवट विचित्र तऱ्हेने झाला. स्वीडनमधल्या कुटुंबांनी भारतातून दत्तक नेलेल्या १०७ मुलींच्या वाढीचा अभ्यास तिथल्या डॉक्टरांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. सिद्धान्त खरा असता, तर त्या थंड देशात या मुलींना पाळी उशिरा यायला हवी होती. झाले उलटे. त्यांचे मध्यक वय होते ११.६ वर्षे, स्वीडिश मुलींहून आणि भारतातल्या सुस्थित मुलींहूनही लवकर. आणि अंतिम उंची सरासरी १५४ सेंटिमीटरवर थांबली.

या मुली तिथे पोहोचल्या तेव्हा बहुतेकींची वाढ कुपोषणाने खुंटलेली होती. चांगले अन्न मिळताच शरीर झपाट्याने भरपाई करू लागले, पण त्या घाईत यौवनाचे घड्याळही पुढे सरकले आणि हाडांचे पट्टे लवकर मिटले. पहिल्या वर्षांतली उपासमार पुढच्या सुबत्तेने पूर्णपणे भरून निघत नाही, आणि लवकर पाळी येणे म्हणजे चांगली वाढ होणे नव्हे, हे दोन्ही धडे त्या आकड्यांत आहेत.

आईची वाढ अपुरी राहिली तर त्याची झळ पुढच्या पिढीला लागते. अमेरिकेतल्या कॅम्डन शहरात थेरेसा शोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले होते की ज्या किशोरवयीन माता गर्भारपणातही स्वतः वाढत होत्या, त्यांची बाळे कमी वजनाची जन्मली. आईचे शरीर आणि गर्भ एकाच शिदोरीसाठी झगडत होते. ग्रामीण बांगलादेशातल्या २००८च्या अभ्यासात गर्भारपण न आलेल्या किशोरींची उंची वाढत राहिली. ज्यांना दिवस गेले त्यांची थांबली. अमेरिकेतल्या मुलीच्या शरीराने बाळाच्या वाट्यातले घेतले, बांगलादेशातल्या मुलीच्या शरीराने स्वतःचे सोडले. शिदोरी मुळातच किती, यावर ते ठरते.

आजचा तक्ता

आपल्याकडे देशव्यापी मापे घेतली गेली ती स्वातंत्र्यानंतर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५६ ते १९६५ या काळात मुलांची पाहणी केली. पण त्यात सगळ्या थरांतली मुले होती, आणि अर्धपोटी मुलांची सरासरी हा वाढीचा आदर्श होऊ शकत नाही. नंतर सुस्थित मुलांवर आधारलेले तक्ते आले. त्यांत पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचे काम महत्त्वाचे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे, पाच ते अठरा वर्षांसाठीचे तक्ते आज दवाखान्यांच्या भिंतीवर दिसतात. मुलींचा तक्ता वेगळा, मुलग्यांचा वेगळा. केटलेंच्या गुळगुळीत रेषेपासून इथवर यायला पावणेदोनशे वर्षे लागली.

कायदाही सरकत आला. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९२८-२९ मध्ये देशभर साक्षी घेतल्या. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले, १९४९ साली ते १५ झाले, १९७८ साली १८. आत्माराम पांडुरंगांच्या उत्तराच्या जवळपास यायला कायद्याला १०७ वर्षे लागली. समाज अजून वाटेतच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पुरी होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के होते आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के. त्याच पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय होता.

या मुलींच्या वाट्याला काय आले, ते शतकाच्या आकड्यात दिसते. दोनशे देशांतल्या उंचीची माहिती एकत्र करणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. १८९६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली जन्मलेल्या स्त्रियांची त्यात तुलना आहे. या शंभर वर्षांत दक्षिण कोरियातल्या स्त्रिया सरासरी २० सेंटिमीटरने उंच झाल्या. भारतीय स्त्रियांच्या वाट्याला आले सुमारे पाच. कोरियन मुलींची हाडे काही वेगळ्या मातीची नव्हती. त्यांच्या पणज्या तर आपल्या पणज्यांहूनही ठेंगण्या होत्या.

बालरोगतज्ज्ञांकडे सातवी-आठवीतल्या मुलीला घेऊन येणारी आई हमखास विचारते : पाळी सुरू झाली, आता उंची वाढणार नाही ना? डॉक्टर तक्त्यावर बोट ठेवून सांगतात की वाढेल, अजून दोनेक वर्षे वाढेल, पण थोडी. तिला नीट खाऊ द्या, झोपू द्या, खेळू द्या. प्रश्नात अजूनही आजीच्या काळचे गृहीत आहे आणि उत्तरात पाल्यानींपासून आजवरच्या मापांचा अर्थ. तो अर्थ ऐकायला आनंदीबाईंच्या घरी तेव्हा कुणी नव्हते. आता दवाखान्यात एक आई तरी समोर बसलेली असते, आणि शेजारी, आईच्या कानाला लागलेली तिची मुलगी.